दहापैकी किती दुखतंय?

'मी ११वी सायन्सला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सिस्टर विचारायच्या, "आजी, दहापैकी किती दुखतंय?" आजी "दोन" म्हणायची आणि हाताने चादर घट्ट धरून ठेवायची. ताप मोजतात तशी वेदना मोजणारं मशीन मला बनवायचंय. कुठल्या शाखेला जाऊ?' – सई

प्रिय सई,

तू चादरीकडे पाहिलंस, याचं मला फार कौतुक वाटलं. सिस्टरला त्रास नको, जास्त गोळ्या नकोत, घरच्यांना घोर नको, म्हणून आपल्या आज्या 'दोन' म्हणतात. पडून असताना 'दोन' खरंही असेल. पाय वाकवताना, उठून उभं राहताना किती दुखतं, हे वेगळं विचारावं लागतं, कारण तेव्हाच्या दुखण्यामुळेच व्यायाम टाळला जातो आणि गुडघा आखडतो.

आता मशीनचं. अशी यंत्रं आहेत. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कसं बदलतं, बोटातली नाडी, घामाने बदलणारी त्वचेची वाहकता, डोळ्यातल्या बाहुलीचा आकार, यांवरून ती एक आकडा काढतात. भूल दिलेल्या रुग्णावर ती बऱ्यापैकी उपयोगी पडतात. माणूस शुद्धीवर आला की घोळ सुरू होतो. भीती, थंडी, ताप, तुंबलेली लघवी, यांनीही नाडी वाढते. उलट बीपीसाठी मेटोप्रोलॉल घेणाऱ्या आजोबांची नाडी कळ येत असतानाही फारशी चढत नाही. शरीराची प्रतिक्रिया मोजता येते, वेदना मात्र ज्याची त्यालाच कळते. म्हणून बोलू शकणाऱ्या रुग्णाचा शब्द आजही यंत्राच्या वर धरतात.

मग मशीन कोणासाठी? ज्यांना बोलताच येत नाही त्यांच्यासाठी: व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, तान्हं बाळ, स्मृतिभ्रंश झालेले आजोबा. आयसीयूत यासाठी सीपॉट नावाची पद्धत आहे. चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताण आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणं, प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण ८. हे सगळं नर्स नुसत्या नजरेने टिपते. तिच्या नजरेला रात्रभर साथ देईल असं काही तू केलंस तर ते मोलाचं काम होईल.

आता शाखा. बारावीपर्यंत जीवशास्त्र सोडू नकोस. तुझ्या पत्रात मला यंत्राची ओढ जास्त दिसली, म्हणून माझा कल इंजिनिअरिंगकडे आहे: एमएचटी-सीईटी देऊन इलेक्ट्रॉनिक्स किंवा बायोमेडिकल. दोन्ही मिळत असतील तर मी आधी इलेक्ट्रॉनिक्स घ्यायला सांगेन. सिग्नलमधून गोंगाट वेगळा काढणं तिथे पक्कं होतं आणि पुढची दारंही उघडी राहतात. नंतर गेट ही एम.टेक.साठीची परीक्षा, २०२० पासून त्यात बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईत या विषयात एम.टेक. करता येतं, आणि तिथल्या बेटिक केंद्रात डॉक्टर व इंजिनिअर मिळून उपकरणं घडवतात. रुग्णाशेजारीच राहायचं असेल तर नीट, एमबीबीएस आणि मग भूलशास्त्रात एमडी. ती वाट लांबची आहे, पण ऑपरेशननंतरच्या वेदनेवरच्या उपचारात या डॉक्टरांचा मोठा वाटा असतो. नर्सिंगलाही कमी लेखू नकोस. सीपॉट घडवण्यात पुढे होत्या त्या सेलीन जेलिना कॅनडातल्या नर्सिंगच्याच संशोधक.

एक काम मात्र आजपासूनच कर. १९७५ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदनेची प्रश्नावली केली, ती आकड्यांऐवजी शब्दांवर उभी आहे. आपल्याकडे तर शब्दांची खाणच आहे: ठणका, कळ, चमक, ठुसठुस, आग, सल. जखम ठणकते; चमक किंवा मुंग्या म्हटलं की डॉक्टर नसेचा विचार करतात आणि औषधही बदलू शकतं. वही घे, आजींना चालून आल्यावर विचार, त्यांचाच शब्द जसाच्या तसा लिही, शेजारी वेळ आणि आकडा. पंधरा दिवसांनी ती वही मला पाठव.