पोरीला डार्क एनर्जीत रिसर्च करायचाय, पोट भरेल का?

नमस्कार भाऊ,
तुमची पोरगी सोलापुरात बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला डार्क एनर्जीच्या थिअरीत जायचंय, आणि तुम्ही विचारताय की जे कुणी बघितलंच नाही त्यावर कुणीही उठून काहीही थिअरी मांडेल, मग ह्यात शिकायचं काय आणि पोट कसं भरायचं. प्रश्न रास्त आहे.

विश्व फुगायचा वेग वाढतोय हे १९९८ ला सुपरनोव्हांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, कळलं. का वाढतोय ते अजून कोडंच आहे, म्हणून कुणी हा वेग वाढवणारी न दिसणारी ऊर्जा, म्हणजे डार्क एनर्जी, धरतं तर कुणी आइन्स्टाईनची ग्रॅव्हिटीच बदलून बघतं, मॉडेलं ढिगानं. पण काहीही मांडून चालत नाही बघा, दुर्बिणीपर्यंत जायच्या आधीच कित्येक गळतात. एखाद्या फील्डची, म्हणजे सगळ्या अवकाशात पसरलेल्या राशीची, कायनेटिक एनर्जी निगेटिव्ह निघाली, ज्याला घोस्ट म्हणतात, तर रिकामी पोकळीसुद्धा स्थिर राहत नाही. साउंड स्पीडचा, म्हणजे त्या फील्डमधली लहर पसरायच्या वेगाचा, वर्ग निगेटिव्ह आला तर बारीकशी लहर बेफाम वाढत जाते, मॉडेल खलास. त्यापुढं पॉझिटिव्हिटी बाउंड आहेत, म्हणजे कारण आधी आणि परिणाम नंतर, सगळ्या शक्यतांची (प्रॉबेबिलिटींची) बेरीज बरोबर १, एवढं पाळायचं म्हटलं तरी समीकरणातल्या काही आकड्यांचं चिन्ह आपोआप ठरतं. हे बाउंड सपाट अवकाशासाठी काढलेत, फुगणाऱ्या विश्वात ते कितपत लावायचे ह्यावर अजून वाद आहे, आणि माझ्या मते नव्या पोरांना खरं काम तिथंच आहे.

मोजमापाचा दणकाही असतोच. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतली ग्रॅव्हिटेशनल वेव्ह, म्हणजे गुरुत्वाची लहर, आणि गॅमा किरणं, साधारण १३ कोटी वर्षं प्रवास करून, १.७ सेकंदांच्या फरकानं पोचली, म्हणजे दोन्हींचा वेग जवळपास एकच, आणि हा वेग वेगळा सांगणारी, ग्रॅव्हिटी बदलणारी बरीच मॉडेलं एका दिवसात निकालात निघाली.

आता पोटाचं. आधी जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एमएस्सी, मग जेस्ट किंवा नेट ह्या परीक्षांवरून पीएचडी, त्यात जेआरएफ ह्या फेलोशिपला महिना ३७,००० मिळतात. पुढं पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन नोकऱ्यांची, फिरतीची वर्षं येतात आणि पर्मनंट जागा कमी, हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा. पायथन आणि स्टॅटिस्टिक्स मात्र पक्कं करू दे, इकडं नाही जमलं तर डेटाच्या नोकरीत ते कामाला येतं.

२८ फेब्रुवारीच्या सुमारास पुण्याचं आयुका, म्हणजे खगोलशास्त्राची संशोधन संस्था, सगळ्यांना बघायला खुलं असतं, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून तुम्ही दोघंही जा, आणि तोवर तिला स्केलर फील्डच्या कायनेटिक टर्मचं चिन्ह उलटं करून एनर्जी काढायला सांगा, काय येतं ते मला कळवू दे.