तपासणी हवीच, पण अडसर म्हणून नको

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या ताईंचं पत्र चांगलं चार पानी आहे. त्यातली एकच काळजी आज धरते, बाकीच्या तिच्यातूनच फुटल्या आहेत. त्या लिहितात, ‘मुलगा १९ वर्षांचा. युनिव्हर्सिटीत गेल्यापासून म्हणतो, मी मुलगी आहे, हार्मोन्स घेणार. यांचं म्हणणं, मानसोपचारतज्ज्ञाने सहा महिने तपासल्याशिवाय कुणाला गोळीच देऊ नये. मलाही पटतं. मे महिन्यात पुण्याला जातोय, तिथे ओळखीच्या डॉक्टरांकडून मूल्यमापन करून घेऊ का?’

ताई, मूल्यमापन हवंच, इथे मी तुमच्या बाजूने आहे. पण कुणीतरी डिग्रीवाल्याने परस्पर ‘नाही’ म्हणावं, एवढ्यासाठी तुम्हाला ते हवंय. त्या खोलीत ते काम होत नाही.

होतं काय, ते सांगते. ही जाणीव किती वर्षांची, सतत आहे की अधूनमधून, हे विचारतात. नैराश्य, चिंता, ऑटिझम आहे का ते पाहतात. असलं तर त्याची वेगळी मदत सुरू करतात, त्यामुळे आपोआप नकार मिळत नाही. मग परिणाम नीट कळलेत का, हे तपासतात. इस्ट्रोजेनने, म्हणजे स्त्री-हार्मोनने, वाढलेले स्तन गोळ्या थांबवल्या तरी जात नाहीत. शुक्राणू घटतात आणि पूर्ववत होतीलच याची खात्री नसते, म्हणून ते गोठवायचे असतील तर पहिल्या गोळीच्या आधी. माझ्या चुलतबहिणीच्या घरी हा मुद्दा मूल्यमापनातच निघाला, तोवर कुणाच्या डोक्यातही नव्हता. सिगारेट ओढत असेल तर रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. सुरुवातीचं रक्त आणि रक्तदाब तपासून, पहिल्या वर्षात साधारण दर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावं लागतं. मूल्यमापन सक्तीचं असावं असं मी म्हणते ते यासाठी. वेड शोधायला नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ‘शरीर एक आणि जाणीव दुसरी’ ही स्थिती मानसिक विकारांच्या प्रकरणात राहिलेलीच नाही.

तुमच्या यजमानांनी कॅस अहवालाचा दाखला दिलाय. एप्रिल २०२४चा तो अहवाल इंग्लंडमधल्या मुलांच्या आणि किशोरांच्या जेंडर सेवेबद्दल आहे. तुमचं मूल १९चं. तिच्यासाठी रस्ता असा: जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, प्रौढांच्या जेंडर क्लिनिककडे पाठवायचं, तिथे एकाहून जास्त भेटींत मूल्यमापन, निदान झालं की हार्मोन्सची शिफारस, आणि बहुतेकदा प्रिस्क्रिप्शन पुन्हा जीपीकडून. जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेला दोन तज्ज्ञांची मतं लागतात. म्हणजे तुम्ही मागताय ती तपासणी एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, आहेच. अडचण रांगेची आहे, पहिल्या भेटीलाच वर्षं जातात. त्या रांगेपुढे घरचे सहा महिने आणखी लावले, की मुलं इंटरनेटवरून गोळ्या मागवतात. मग ना रक्ततपासणी, ना डोसवर कुणाची नजर. तुम्हाला जी भीती आहे ती तिथे खरी होते.

पुण्याचा बेत मात्र सोडाच. सज्ञान मुलाला सुट्टी म्हणून न्यायचं आणि दवाखान्यात बसवायचं, हे चुकलं ताई. शिवाय अशी जाणीव ‘बदलून देण्याचे’ उपचार भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत. चांगला डॉक्टर तयार होणार नाही, आणि जो होईल त्याच्याकडे नेऊ नये.

आता तुमच्याच पत्रातली एक ओळ. ‘आठवीत एकदा फोनवर “आई, मी येते” म्हणाला, यांनी झापलं, तेव्हापासून घरात इंग्रजीच बोलतो.’ ही ओळ तुम्ही मराठी सुटल्याची तक्रार म्हणून लिहिलीत. इंग्रजीत ‘आय ॲम कमिंग’ म्हणताना काही निवडावं लागत नाही. मराठीत प्रत्येक क्रियापदाला ‘येतो’ की ‘येते’ हे ठरवावं लागतं, आणि आपलं मूल आठवीपासून ते टाळतंय. लेस्टरच्या जीपीला हे कधीच कळणार नाही. ‘किती वर्षांपासून’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हातात आहे.

तेव्हा एक कागद घ्या. ही आठवण, इयत्ता, साल, आणि अशा आणखी असतील त्या, जशा घडल्या तशा लिहा, मत न घालता. तिच्या म्हणण्याविरुद्ध जाणाऱ्या आठवणी असल्या तर त्याही लिहा, लपवू नका. कागद तिच्या हाती द्या. क्लिनिकला न्यायचा की नाही, तुम्हाला बरोबर न्यायचं की नाही, हे तिने ठरवायचं.

बाकीचं थोडक्यात. नाव बदलायचंच झालं तर आधी डीड पोल (नावबदलाचा कायदेशीर दस्त), मग ब्रिटिश पासपोर्ट, शेवटी ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड). मंडळाच्या गणपतीत कोण काय म्हणेल, यावर मी जागा घालवत नाही. आजींना काय सांगायचं ते तिला विचारून, तिच्याच शब्दांत. मेची तिकिटं काढली असतील तर आजींना भेटायला जरूर जा, डॉक्टरांची वेळ तेवढी आजच रद्द करा.