एफडी मोडून मित्रांची पुस्तकं छापायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाई ६२ वर्षांच्या, सोलापूरच्या, शाळेतून निवृत्त, पेन्शन आहे, घर स्वतःचं, सीनियर सिटिझन स्कीममध्ये १५ लाख आणि बँकेत ६ लाखांची एफडी. मागच्या वर्षी स्वतःचा कवितासंग्रह स्वतःच काढला, ३०० प्रती, एकूण खर्च ४८,०००. आता साहित्य मंडळातले आठ जण मागे लागलेत की आमचंही करून द्या. एफडी मोडून सगळ्यांची पुस्तकं छापायची, विक्री होईल तसे ते पैसे देतील, नफा नको. करू का?

बाई, नमस्कार. काम जरूर करा पण एफडीला हात लावू नका.

तुम्ही आकडे दिलेत ते फार बरं झालं, निम्मे लोक "साधारण झाला असेल खर्च" यापलीकडे जात नाहीत. तर ४८,००० भागिले ३०० म्हणजे प्रत पडली १६० ला, छापील किंमत २५०, दुकानदाराला ४० टक्के सोडले की तुमच्या हातात १५०. म्हणजे दुकानातून गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे तुम्ही पदरचे १० रुपये घातलेत, वर ते दीडशेसुद्धा चार फोन केल्यावर आले असं तुम्हीच लिहिलंय. ११० प्रती हातोहात गेल्या त्याचे २७,५००, दुकानातून ४० गेल्या त्याचे ६,०००, ६० भेट दिल्या, ९० कपाटात. आले ३३,५००, खड्डा १४,५०० चा. आणि हे तुमचं झालं हो, ज्यांच्या हाताखालून पस्तीस वर्षं मुलं गेली, त्यातली बरीच प्रकाशनाला आली असणार. बाकीच्या आठांना असे वाचक कुठून आणायचे?

आठ पुस्तकं म्हणजे ३,८४,०००. सगळी तुमच्याइतकी खपली तरी १,१६,००० येणारच नाहीत. पण मला खरी भीती त्याची नाही, जे येतील ते तुमच्यापर्यंत पोचतील का याची आहे, कारण विक्रीचे पैसे येणार लेखकाच्या हातात, त्यातून हॉलचं भाडं, शाल-श्रीफळ, चहा-पोहे, पाहुण्यांची गाडी, आणि मग उरलेले द्यायला तो येणार कधी, आणि तुम्ही दर महिन्याला मंडळात शेजारी बसून त्याच्याकडे मागणार कशा? आमच्या मामांनी मित्राचा कथासंग्रह असाच छापून दिला होता, पैसे बुडाले ते बुडाले, मैत्रीही आटली आणि गठ्ठे अजून कूलरखाली आहेत, उंची बरोबर येते म्हणून.

अजून एक, तुमच्या १५ लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० येतात ते छान आहे, पण ती रक्कम मुदतीआधी काढली तर एक ते दीड टक्का कापतात. म्हणजे उद्या दवाखाना लागला तर पटकन हाताशी येणारी तीच ती ६ लाखांची एफडी. तिला पुस्तकाचं भांडवल समजू नका.

मग करायचं काय? तुमच्याकडे जे आहे आणि त्या आठांकडे नाही ते म्हणजे अनुभव. अक्षरजुळणी कुणाकडून, प्रूफं कशी बघायची, कागद कुठला, छापखान्याशी घासाघीस कशी करायची. ते द्या, आणि फुकट नको, पुस्तकामागे ५,००० तरी घ्या, फुकटच्या कामाला रात्री अकरालाही फोन येतात. छापखान्याचं बिल लेखकानं थेट भरायचं, निम्मे आधी, उरलेले प्रती उचलताना, तुमच्या खात्यातून काहीच जायला नको. पहिल्यांदा १०० च प्रती छापा, प्रतीमागे महाग पडतं हे खरं, पण तुमच्या हिशोबात जुळणी, प्रूफं, मुखपृष्ठ मिळून २०,००० आणि छपाई-बांधणी २८,००० आहे, तर शंभर प्रती अगदी १२० नी छापल्या तरी सगळे मिळून ३२,००० होतात, संपल्या तर परत छापता येतात.

प्रकाशक म्हणून पुस्तकावर तुमचं नाव मात्र नको. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारी एजन्सी फुकट देते, ऑनलाइन अर्ज असतो, लेखक स्वतःच प्रकाशक म्हणून घेऊ शकतो, त्यासाठी कुणी हजारो मागत असेल तर हात जोडा. शिवाय प्रकाशकानं ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चानं प्रत पाठवायची असते, १९५४ चा कायदा आहे, हे ज्याचं त्यानं बघावं. आणि तुमच्या यादीत ते पतसंस्थेच्या माजी चेअरमनचं आत्मचरित्र आहे ना, त्यात विरोधकांची नावं घालून काय काय लिहिलंय कुणास ठाऊक, बदनामीची नोटीस आली तर प्रकाशकालाही येते.

टॅक्सचं फार टेन्शन नको. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, पण छापखान्याच्या बिलात लागतो आणि तो तुम्हा लोकांना परत मिळत नाही, तेव्हा कोटेशन टॅक्ससकट मागा. तुमची फी उत्पन्नात दाखवायची, जीएसटी नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या तुम्ही आसपासही नाही.

राहिला तो आठांतला तालुक्याचा मुलगा, ज्याची खरंच ऐपत नाही. त्याला आधी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाचा अर्ज भरायला लावा, पहिलंच पुस्तक आहे त्याचं, थांबावं लागेल पण थांबू दे. तरी नाहीच जमलं तर वर्षातल्या एका तिमाहीचं व्याज, ते ३०,७५०, त्याला देऊन टाका. उसने नाही, भेट, चेकनं किंवा ऑनलाइन, म्हणजे परत यायची वाट बघायला नको. नात्याबाहेरच्यांकडून मिळून वर्षाला ५०,००० पर्यंत भेट आली तर त्यालाही टॅक्स नाही. पुढच्या वर्षी दुसरा कुणीतरी. आठांना हे आधीच सांगा, की वर्षाला एकच.

एफडी पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतेय म्हणालात, तर बँकेत जाऊन दोन-दोन लाखांच्या तीन करून घ्या, गरज पडली तर एकच मोडावी लागेल. आणि मंडळात कुणाला सांगू नका मॅच्युअर झाली म्हणून.