सांडपाणी प्रक्रिया केंद्राला चीफ ऑपरेटर नेमायचाय. डिग्रीवाला घ्यावा की अनुभवी?

एका वाचकाने लांबलचक प्रश्न टाकलाय, थोडक्यात असा की नगरपालिकेचा सांडपाण्याचा प्लँट आहे, चीफ ऑपरेटरची जागा रिकामी झालीये आणि चाळणीतून दोघं उरलेत. एक पर्यावरण इंजिनिअरिंगमध्ये मोठी डिग्री घेतलेला तरुण, दुसरा त्याच प्लँटवर १८ वर्षं शिफ्ट काढलेला ऑपरेटर ज्याच्याकडे दाखवायला कागद नाही. कोणाला घ्यावं, मुलाखतीत काय विचारावं आणि जाहिरातीत पात्रता काय लिहावी, असं विचारलंय.

एरवी मी असले प्रश्न वाचून पुढे सरकतो. हा सोडवेना, कारण त्या दोघांतला डिग्रीवाला म्हणजे मीच. तुमच्या यादीतला नव्हे हो, पण बरोब्बर अशाच जागेसाठी बरोब्बर असाच एक माणूस मागे ठेवून मला घेतलं होतं, आणि ज्या मोठ्या साहेबांनी घेतलं ते आजही भेटले की म्हणतात, बघ, तुला निवडलं ते बरोबरच होतं ना. नव्हतं साहेब. इतकी वर्षं सांगतोय, नव्हतं.

तेव्हा माझं वय २६. मुलाखत एसी केबिनमध्ये झाली, मी फळ्यावर एफ बाय एम रेशो (बॅक्टेरियांना मिळणारं अन्न आणि बॅक्टेरिया यांचं प्रमाण) काढून दाखवला, स्लज एजचं (गाळ सरासरी किती दिवस टिकतो त्याचं) गणित केलं, नायट्रिफिकेशनला (बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्रेट करतात त्याला) अमोनियाच्या एका ग्रॅम नायट्रोजनमागे साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो हे तोंडपाठ म्हणून दाखवलं, पॅनल खूश. माझ्या आधी काका आत गेले होते (सगळा प्लँट त्यांना काकाच म्हणायचा), त्यांना विचारलं एमएलएसएस म्हणजे काय, तर म्हणाले टाकीतला जिवंत गाळ. पॅनलला 'मिक्स्ड लिकर सस्पेंडेड सॉलिड्स' हा फुल फॉर्म हवा होता. झालं. दहा मिनिटांत बाहेर.

पहिले पाच महिने झकास गेले, म्हणजे मला तसं वाटलं. माझ्या टेबलावर स्क्रीन होती, तिच्यावर एअरेशन टँकचा (हवा सोडून बॅक्टेरिया वाढवतात ती टाकी) डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, २.१, २.०, २.१ अशी सरळ रेघ. हवा सोडणारे ब्लोअर ऑटोवर होते, टाकीतला डीओ मोजणारा प्रोब सांगेल तसा वेग कमी-जास्त. मी लॉगबुकवर सही करायचो आणि महिन्याचा रिपोर्ट बनवायचो, ग्राफ वगैरे टाकून, रंगीत. टाकीवर आठवड्यातून एखादी चक्कर.

मग एसव्ही थर्टी चढायला लागला. एक लिटरच्या जारमध्ये अर्ध्या तासात ३०० मिलिलिटरवर बसणारा गाळ ४०० वर, मग ५५०, पंधरा दिवसांत ७८० वर. वरचं पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ, आणि तेवढं बघून मी निवांत होतो, आता सांगायला लाज वाटते. एमएलएसएस, म्हणजे टाकीतल्या लिटरमागे गाळ, ३००० मिलिग्रॅमच्या आसपास. मी हिशोब केला, गाळ जास्त झालाय, वेस्टिंग (जादा गाळ बाहेर काढणं) दुप्पट करा. पुस्तकात असंच आहे (पुढच्या पानावर वेगळं आहे, पण ते पान मी परीक्षेपुरतं वाचलेलं).

काका म्हणाले साहेब, एक मिनिट. दुसरा जार घेतला, त्यात अर्धा गाळ, अर्धं क्लॅरिफायरच्या (गाळ खाली बसवायची टाकी) आउटलेटचं पाणी, हलकेच ढवळला आणि दोन्ही जार शेजारी शेजारी ठेवून घड्याळ लावलं. आणि ते अर्धा तास तिथंच उकिडवे बसले. मी उभ्या उभ्या मोबाइल बघत होतो. पाणी घातलेला गाळ ३८० वर थांबला. काका म्हणाले, बघा, अर्धा केला तर फक्त अर्ध्यावर आला, नुसता जास्त झाला असता तर पाणी पडल्यावर दणदिशी तळाला गेला असता, दीडशेला. हा जास्त नाही झाला साहेब, हा फुगलाय. आणि फुगलाय तर वेस्टिंग करून उपयोग नाही, ह्याला कुठंतरी हवा मिळत नाहीये.

मी म्हणालो काका, डीओ २.१ आहे.

बस. हे वाक्य मी बोललो. आणि वेस्टिंग दुप्पट केलं.

दहा दिवसांत एमएलएसएस १९०० वर आला आणि जार? ७२०. म्हणजे जीव तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी झाले तरी जागा जवळजवळ तेवढीच व्यापतायत, एसव्हीआय (एका ग्रॅम गाळाने व्यापलेली जागा, मिलिलिटरमध्ये) २६० चा ३८० च्या घरात. वर स्लज एज निम्म्यावर आल्याने नायट्रिफिकेशनवाले बॅक्टेरिया, जे मुळात सावकाश वाढतात, ते धुऊन निघाले आणि आउटलेटला अमोनिया दिसायला लागला. म्हणजे एक दुखणं होतं त्याची मी दोन केली.

आणि मग ती रात्र. फ्लो वाढला होता, काकांची शिफ्ट होती, दोन वाजता फोन आला, साहेब या. क्लॅरिफायरच्या पुलावर टॉर्च मारून उभे होते. पाण्याखाली हातभरावर तपकिरी ढग दिसत होता, अगदी शांत, आणि तो वर येत होता. सावकाश. पाणी बाहेर पडतं त्या कडेच्या व्ही नॉचच्या एकेका दातातून आधी धागे धागे आले मग सरळ गाळच वाहायला लागला, सगळ्या कडेने, आवाज न करता. पंप बंद पडला तर आवाज होतो, अलार्म वाजतो. ह्याला काही नाही. मी रिटर्न (तळाचा गाळ परत एअरेशन टँकमध्ये पाठवणं) वाढवायला सांगितलं, वाढवलं, थोडा फरक पडला, साडेपाचपर्यंत जातच राहिला.

सकाळी लॉगबुक भरायची वेळ आली तेव्हा मी काकांना म्हणालो, लिहा, आउटलेट किंचित गढूळ. काकांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, आणि लिहिलं, "रात्री २.१० ते ५.३० क्लॅरिफायर २ वरून गाळ गेला. जार ७२०. साहेब हजर." खाली सही. मला इतका राग आला होता की मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. ते 'साहेब हजर' विशेष लागलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला टाकीवर नेलं. जिन्याजवळच्या कोपऱ्यात पाणी उकळल्यासारखं उसळत होतं, ताटाएवढे बुडबुडे. बाकी टाकीवर बारीक फेस, जवळजवळ शांत, आणि लांबच्या टोकाला रंग काळपट. त्या कोपऱ्यातल्या डिफ्यूझरचं (तळातून बारीक बुडबुडे सोडणारं तोंड) मेम्ब्रेन फाटलं होतं, सगळी हवा सोपी वाट धरून तिथून निघत होती. आणि माझा लाडका डीओ प्रोब नेमका त्याच कोपऱ्यात लटकवलेला. त्याला हवाच हवा, तो सांगतोय २.१, ऑटो म्हणतंय भरपूर आहे, ब्लोअर हळू करतोय, आणि उरलेली टाकी गुदमरतेय. हातातला मीटर घेऊन लांबच्या टोकाला सोडला तर ०.३. अशा हवेत धागेवाले बॅक्टेरिया माजतात, त्यांना कमी ऑक्सिजन चालतो, आणि त्या धाग्यांमुळेच गाळ एकमेकांपासून लांब राहतो, बसत नाही. हे सगळं मला माहीत होतं! परीक्षेत लिहिलं होतं मी हे, पैकीच्या पैकी मार्क होते.

ऑटो काढलं, दुसरा ब्लोअर लावला, वेस्टिंग कमी केलं, रिटर्नच्या लाइनमध्ये थोडे दिवस बेताने क्लोरिन दिलं, मग त्या कोपऱ्याची हवेची लाइन बंद करून मेम्ब्रेन बदललं. जार ३०० वर यायला महिना गेला.

म्हणून माझं मत विचाराल तर सरळ आहे. चीफ ऑपरेटर केबिनमध्ये निवडू नका. दोघांनाही प्लँटवर न्या आणि हातात जार द्या. भरतो कसा ते बघा, कुठून भरतो ते बघा, आणि मुख्य म्हणजे ३० मिनिटं थांबतो का ते बघा. चांगला माणूस पाचव्या मिनिटालाही वाकून रीडिंग घेतो, कारण गाळ किती बसला याच्याइतकंच कसा बसला हेही महत्त्वाचं असतं. जो जार ठेवून तुमच्याशी गप्पा मारायला लागतो तो माझ्यासारखा आहे.

मग तोच जार तसाच दोन तास राहू द्या आणि विचारा, समजा छान बसलेला गाळ आता गोळ्यागोळ्याने वर आला तर काय. फुगलाय म्हणाला तर चुकला. तो तळाशी पडून नायट्रेटमधला ऑक्सिजन खातो आणि सुटलेला नायट्रोजन वायू त्याला वर उचलतो, म्हणजे क्लॅरिफायरमध्ये गाळ फार वेळ मुरतोय, रिटर्न बघायला हवं. दोन्हीत गाळ वरच दिसतो पण कारणं वेगळी आहेत, आणि यातला फरक ज्याला कळतो त्याला फुल फॉर्म नाही आला तरी चालेल. टाकीचा पीएच हळूहळू उतरतोय, इनलेटला काही बदल नाही, का, हेही विचारा. नायट्रिफिकेशन अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलायची ताकद) खातं, एका ग्रॅम अमोनिया नायट्रोजनला सातेक ग्रॅम. आकडा सांगितला नाही तरी चालेल, दिशा सांगू दे.

आणि एक लॉगबुक बनवून ठेवा, खोटं. तीन महिने दर तासाला डीओ २.०, जार ३००, एकाच पेनने, रविवारीसुद्धा. दोघांना वाचायला द्या. जो म्हणेल प्लँट छान चाललाय त्याला चहा पाजून घरी पाठवा. जो हसेल त्याला ठेवा. आमच्याकडे मी यायच्या आधी दोन वर्षं तसंच लिहिलं जात होतं आणि मोठे साहेब त्या लॉगबुकचं कौतुक करायचे. काका एकटेच ३२०, २९०, ३४० असं लिहायचे आणि त्यांना विचारणा व्हायची, तुमच्याच शिफ्टला वर-खाली कसं होतं.

साहेबांचा मुद्दा असायचा की चीफ ऑपरेटर म्हणजे मॅनेजर, त्याने टाकीवर कशाला जायचं, लॅब आहे ना. अहो पण बीओडीचा (पाण्यातली घाण पचवायला किती ऑक्सिजन लागतो त्या चाचणीचा) निकाल यायला पाच दिवस लागतात, २७ डिग्रीची पद्धत वापरली तरी तीन. आज टाकीत काय चाललंय हे बीओडी पुढच्या आठवड्यात सांगणार. तोपर्यंत डोळे, नाक आणि जार. १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेटनी जिवंत गाळाची ही सगळी पद्धत शोधली ती तरी कशी, बाटलीत तळाला बसलेला गाळ फेकून न देता त्याच्यावरच पुन्हा नवं सांडपाणी ओतत राहिले म्हणून. बाटलीजवळ थांबून बघणारी माणसं होती ती.

आता खालची गोष्ट आधीच लिहायला हवी होती पण राहिली. अनुभव म्हणजे सगळं नाही. हेच काका एकदा सम्पमध्ये (सांडपाणी साठायच्या खड्ड्यात) उतरायला निघाले होते, झाकण उघडलं तेव्हा सडक्या अंड्याचा वास आला, पाच मिनिटांनी म्हणाले वास गेला, उतरतो. मी दंड धरून मागे ओढलं. हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा वास येतो, शंभर पीपीएमच्या आसपास गेला की नाकच मरतं, वास येईनासा होतो, आणि त्याच्या पुढे माणूस मरतो. दोरीला मीटर बांधून खाली सोडला तर तो केकाटत वर आला. काका म्हणाले वीस वर्षं असाच उतरतोय. तेव्हा तुमच्या १८ वर्षंवाल्याला हा प्रश्न नक्की विचारा, वास गेला तर काय कराल. उतरतो म्हणाला तर त्याला शिकवायची तयारी ठेवा किंवा घेऊ नका, यात मधलं काही नाही.

आणि हो, काकांना रिपोर्ट लिहायचा कंटाळा, सुट्ट्यांचं गणित जमत नव्हतं, स्पेअर पार्टची मागणी कागदावर मांडायची म्हटलं की ते बहुतेक वेळा गायब. ही कामंही चीफचीच आहेत. पण ती मी त्यांना महिनाभरात शिकवू शकलो असतो. त्यांनी मला टाकी शिकवायला चार वर्षं घेतली, तीही हाताखाली राहून, साहेब साहेब म्हणत.

जाहिरातीत काय लिहायचं ते तुमच्याकडच्या नियमांवर आहे, बऱ्याच देशांत ऑपरेटरला श्रेणीचं लायसन्स लागतं, तसं असेल तर वाकवता येणार नाही. नसेल तर 'डिग्री किंवा अमुक वर्षं शिफ्टचा अनुभव' असं लिहा, त्यातला 'किंवा' काढू देऊ नका. कोणीतरी काढायला बघेलच. पगाराचं तुम्ही बघा.

मोठे साहेब हल्ली रिटायर आहेत आणि दिवसभर असलीच प्रश्नोत्तरं वाचत बसतात असं ऐकलंय. साहेब, वाचत असाल तर, तो प्रोब जिन्याजवळच्या कोपऱ्यात तुम्हीच लावायला सांगितला होतात. टाकीच्या मध्यापर्यंत केबल पुरत नव्हती आणि नवीन केबलची मागणी तुम्ही दोनदा परत पाठवली होतीत. मागणी काकांची होती. कागद अजून माझ्याकडे आहे.