चौरसाच्या तीन कोपऱ्यांवर चार्ज आहेत, चौथ्या कोपऱ्यावर इलेक्ट्रिक फील्ड किती? माझं 2700 येतंय, पुस्तकात 1646 आहे

तुझं 2700 कुठून आलं ते लगेच कळलं, 1800 अधिक 1800 वजा 900 केलंस ना? (विद्यार्थी असशील असं धरून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.)

मी पण हेच करून बसलोय. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला एकदम सगळं फिजिक्स इंग्रजीतून, त्या गोंधळात टेस्टला प्रश्न आला, समभुज त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर सारखे पॉझिटिव्ह चार्ज आहेत तर बरोब्बर मधोमध फील्ड किती, मी एकाचं काढलं, गुणिले तीन केलं आणि उत्तराला छान चौकट मारून आलो. उत्तर शून्य होतं. तिघं तीन बाजूंनी सारख्याच जोराने ढकलतायत म्हटल्यावर मधला जाणार कुठे!

आता तुझं गणित. बाजू 10 सेंमी, ज्या कोपऱ्यावर फील्ड पाहिजे तो वरचा उजवा, त्याला ड म्हणू. त्याच्या बरोबर खाली ब वर +2 नॅनोकुलॉम, ड च्या डावीकडे क वर +2, आणि तिरपा समोरचा, म्हणजे खालचा डावा, अ वर −2.

कॅल्क्युलेटरला हात लावायच्या आधी वहीत चौरस काढ आणि ड वर मनातल्या मनात एक छोटासा पॉझिटिव्ह चार्ज ठेव, त्याला कोण कुठे ढकलतंय ते बघ. ब खालून ढकलतोय, म्हणून बाण वर. क डावीकडून ढकलतोय, बाण उजवीकडे. अ निगेटिव्ह आहे, तो ओढतोय, बाण कर्णावरून खाली डावीकडे. तीन बाण काढून झाले की चार्जच्या चिन्हाचं काम संपलं. खरंच संपलं, यापुढे ते मायनस सूत्रात परत टाकायचंच नाही. अर्धी मुलं बाणही उलटा काढतात आणि सूत्रातही −2 घालतात, म्हणजे दोनदा उलटं होऊन बाण परत चुकीच्या दिशेला, आणि मग तासभर चूक सापडत नाही.

मग आकडे. सूत्र k गुणिले चार्ज भागिले अंतराचा वर्ग, k हा स्थिरांक 9 × 10⁹. ब चं फील्ड 9 × 10⁹ गुणिले 2 × 10⁻⁹ म्हणजे 18, भागिले 0.1 चा वर्ग म्हणजे 0.01, आले 1800 न्यूटन पर कुलॉम. क चं पण तेवढंच. अ साठी कर्णाची लांबी 0.1414 काढून परत तिचा वर्ग करत बसू नकोस, आपल्याला वर्गच हवाय आणि तो पायथागोरसने आयता मिळतो, 0.01 + 0.01 = 0.02. म्हणून 900. इथपर्यंत तुझंही बरोबरच होतं, घोळ पुढे झाला.

ते 900 तिरपं आहे. त्यातलं थोडं डावीकडे ओढतंय, थोडं खाली, ते सगळंच्या सगळं 1800 मधून वजा कसं होईल? 45 अंश आहे म्हणून 900 × 0.707, दोन्हीकडे 636. आडवं उरलं 1800 − 636 = 1164 आणि उभंही 1164. दोघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, 1646. दोन्ही घटक सारखे म्हणजे दिशा 45 अंशात वर उजवीकडे, अ पासून लांब. दिशा लिहायला विसरू नकोस, फील्ड व्हेक्टर आहे, दिशेशिवाय उत्तर अर्धंच.

चौरस सोडून दुसरा आकार आला तरी कोन शोधायच्या फंदात पडू नकोस. समजा चार्ज बिंदूपासून आडवा 30 सेंमी आणि उभा 40 सेंमी लांब आहे, तर सरळ अंतर 50, आडवा घटक फील्डच्या 3/5 आणि उभा 4/5, झालं. लॉगटेबलवर पेपर सोडवताना याची किंमत कळते. आणि सेंमीचे मीटर आधीच करून टाक, अंतराचा वर्ग होतो त्यामुळे तिथे विसरलास तर उत्तर 100 पट नाही, 10,000 पट चुकतं.

तू खाली विचारलंयस की सरांनी पोटेन्शियलला सरळ बेरीज कशी काय केली. पोटेन्शियल म्हणजे एक कुलॉम चार्ज लांबून त्या बिंदूपर्यंत आणायला लागणारं काम, त्याला दिशाच नसते ना, तिथे बाण नाही, घटक नाहीत, आणि तिथे मात्र चिन्ह सूत्रात घालायचंच. सूत्रात अंतराचा वर्गही नाही, नुसतं अंतर, म्हणून याच ड वर 180 + 180 − 127, म्हणजे साधारण 233 व्होल्ट. दोन्ही धडे पाठोपाठ शिकवतात त्यामुळे इकडची सवय तिकडे जाते, तुझंही तेच झालेलं दिसतंय.

जमलं का ते बघायला एक करून बघ. ब आणि क तसेच ठेव, फक्त अ वर −2 ऐवजी किती ठेवला तर ड वरचं फील्ड शून्य होईल? −8 येत असेल तर अजून सरळ बेरीजच चाललीये, −5.66 च्या आसपास आलं तर बरोबर.