आधी कड वाच

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

मोहिमेचं पदक हातात आलं की राजा-राणीचा मुखवटा आणि वरच्या, लढाईचं नाव असलेल्या पट्ट्या बघत बसू नकोस. कड बघ. ब्रिटिश अमदानीतली यातली बहुतेक पदकं चांदीची, ३६ मिलिमीटर व्यासाची, आणि शिपायाचा क्रमांक, नाव, पलटण बहुधा कडेवरच असतं. पहिल्या महायुद्धाच्या, १९१४-२०च्या वॉर मेडलवर ‘११७ मराठा’ वाचलंस, तर ती पलटण १९१५-१६ साली इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकली होती, हे त्या एका ओळीवरून कळतं.

म्हणूनच लबाडीही कडेवरच होते. मूळ नाव कानशीने घासून नवं घालतात. घासलं की चांदी जाते आणि व्यास घटतो. व्हर्निअर कॅलिपरने चार ठिकाणी माप घे. एका बाजूला अर्धा मिलिमीटर जरी कमी भरला तरी थांब. मग भिंगाखाली फीत अडकवायच्या कडीचं बूड बघ. तिथे कानस पोचत नाही, त्यामुळे बुडाशी मूळ जाडी राहते आणि पुढे बारीक पायरी पडते. अक्षरांची तऱ्हाही मोहिमेला जुळायला हवी: वॉर मेडलवर ठोकलेली ठसठशीत मोठी अक्षरं, १८९५च्या इंडिया मेडलवर बहुधा कोरलेली तिरकी, वळणदार.

पट्ट्यांचे रिव्हेट तपास. डाख दिसला किंवा एकच रिव्हेट नवा, चकचकीत असला, तर ती पट्टी मागाहून जोडलेली असू शकते. ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकावर अधिक सावध राहा. १८०३ ते १८२६च्या लढायांचं हे पदक १८५१ साली मिळालं, तेही तोवर हयात असलेल्यांनाच. त्यामुळे खडकी किंवा कोरेगावची अस्सल पट्टी फार क्वचित दिसते, आणि बनवण्याचा मोह तेवढाच मोठा.

काही मोहिमांत भिस्ती, डोलीवाले अशा बिनलढाऊ माणसांना तेच पदक काशाचं दिलं. त्याला हलकं समजू नकोस. बाजारबुणगे म्हणून ज्यांची बोळवण झाली, त्यांच्या नावाचा तो अनेकदा एकमेव पुरावा असतो.

पॉलिश कधीही लावू नकोस. आधी अक्षरांच्या धारा झिजतात. पीव्हीसीच्या पाकिटातही ठेवू नकोस, धातूवर हिरवट चिकट थर येतो. फीत नवी असली तर बिघडत नाही, जुन्या फिती विरतातच.

शेवटी नाव पदकयादीशी, म्हणजे पदक कुणाला दिलं त्या सरकारी यादीशी, ताडून बघ. ब्रिटिश लष्कराच्या याद्या लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ‘डब्ल्यूओ १००’ या मालिकेत आहेत, हिंदी पलटणींच्या बऱ्याचशा ब्रिटिश लायब्ररीत. यादीत माणूस आहे पण त्याच्यापुढे ती पट्टी नाही, असं निघालं तर रिव्हेट पुन्हा भिंगाखाली घे.