केवळ रोधाच्या आलेखावर विसंबू नका
व्हॅनेडियम डायऑक्साइडचा पातळ थर सुमारे ६८ अंश सेल्सिअसला एकदम धातुरूप (धातूसारखा विद्युतवाहक) होतो, असे गृहीत धरू नका. तापवताना विद्युतरोधी थरात आधी नॅनोमीटर मापाची धातुरूप बेटे उमटतात, आणि ती वाढत एकमेकांना भिडून विद्युतप्रवाहाला सलग वाट मिळाली की रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) कोसळतो. त्यामुळे तापमानानुसार रोध दाखवणाऱ्या आलेखातला उतार पदार्थाच्या गुणधर्माइतकाच या बेटांच्या मांडणीचाही असतो. (२००७ साली निकट-क्षेत्र अवरक्त सूक्ष्मदर्शीने, म्हणजे पृष्ठभागाच्या अगदी जवळून अवरक्त प्रकाशाने पाहणाऱ्या उपकरणाने, ही बेटे टिपली गेली.) मी सुरुवातीला फक्त तापवतानाचीच मोजणी करीत असे, ती चूकच होती. थंड करतानाचा आलेख वेगळ्या वाटेने परततो, म्हणून दोन्ही फेऱ्या नोंदवा आणि नमुन्याचा तापमान-इतिहासही लिहून ठेवा.